चुलीचा धूर : कारणे, दोष आणि उपाय

(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास. दोन तासांचे दोन पाठ व पंधरा दिवसांचा उपक्रम.)

1. विषयाचे महत्त्व

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण आता शब्दशः खरी राहिलेली नाही. 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतील लक्षावधी घरांत गॅसची शेगडी आली. तथापि शेगडी आली म्हणून चूल गेली, असे मात्र झाले नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे 43 कुटुंबेच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत असल्याचे आढळून आले. मेढ्याच्या परिसरात, वेण्णेच्या खोऱ्यातील वाड्यावस्त्यांवरही, चहा गॅसवर आणि भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी असलेली घरे शिक्षकांच्या परिचयाची आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे 32 लक्ष माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 2 लक्ष 37 हजारांहून अधिक ही पाच वर्षांखालील बालके होती. धुराच्या घरात राहणाऱ्या लहान मुलास न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. स्वयंपाक करणारी आई आणि तिच्याजवळ बसलेले मूल यांच्याच छातीत हा धूर सर्वांत अधिक जातो. वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याचे धाकटे भावंड या संकटात आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे हा विषय पाठात का घ्यावा, हे निराळे सांगावयास नको.

2. पाठाचे हेतू

(अ) धूर म्हणजे न जळलेले सरपण होय, हे विद्यार्थ्यांस प्रयोगाने समजावे.
(आ) ओल्या व वाळलेल्या लाकडांतील भेद त्यांना वजनाने दाखविता यावा.
(इ) चुलीतून धूर केव्हा व कोठून येतो, याचे निरीक्षण करून त्याचे कारण शोधता यावे.
(ई) चूल ही एकदा घालून विसरण्याची वस्तू नसून तिची निगा राखावी लागते, ही जाणीव व्हावी.

3. पहिला पाठ : लाकूड कसे जळते?

साहित्य : मेणबत्ती, काड्यापेटी, जुनी बशी, चिमटा, ओली व सुकी काटकी. सर्व प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावेत.

प्रारंभी विद्यार्थ्यांस एवढेच विचारावे : “चुलीत लाकूड घातले. शेवटी चिमूटभर राख उरली. मग बाकीचे लाकूड कोठे गेले?” बहुतेक मुले ‘जळून गेले’ असे म्हणतील; एखादे ‘धूर झाला’ असे म्हणेल. हे दुसरे उत्तर पकडून पुढे जावे.

आता मेणबत्ती लावावी व मिनिटभराने विझवावी. वातीतून पांढरा धूर वर चढू लागेल. जळती काडी वातीस न लावता वातीच्या वर, धुराच्या रेषेत धरावी. ज्योत धुरावरून खाली उडी घेऊन वात पेटविते. मुलांस हा प्रयोग फार आवडतो. दोन-तीन वेळा करून दाखवावा. धूर जळू शकतो, अर्थात तो जळण्याचाच एक भाग आहे, हे अनुमान मुलांकडूनच काढून घ्यावे. मेणबत्तीच्या धुरात मेणाची वाफ असते. लाकडाच्या धुरात लाकडातून निघालेला, पण जळण्यावाचून राहिलेला वायू, डांबरासारखे सूक्ष्म थेंब आणि काजळी असते.

यानंतर लाकूड जळण्याच्या पायऱ्या फळ्यावर मांडाव्यात. प्रथम लाकडातील पाणी वाफ होऊन जाते. लाकूड सुमारे दोनशे-तीनशे अंश तापले म्हणजे त्यातून वायू सुटू लागतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग अशा रीतीने वायुरूप होतो. या वायूस पुरेशी हवा व सहाशे अंशांच्या आसपासची उष्णता मिळाली तर त्याचा जाळ होतो. न मिळाली तर धूर होतो. शेवटी उरतो तो कोळसा, आणि तो ज्वालेवाचून निखाऱ्याच्या रूपाने जळतो.

दुसरा प्रयोग असा : बशी चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीत क्षणभर आडवी धरावी. बशीस काळी काजळी लागेल. ज्योत पुरी जळण्यापूर्वीच गार वस्तूवर आदळली, म्हणून काजळी निघाली. चुलीवरचे भांडे जाळात फार खाली बुडाले तर नेमके हेच घडते. उलट भांडे फार उंच असेल, तर काजळी कमी होते. परंतु उष्णता बाजूने निघून जाते. या दोहोंमधील अंतर साधणे हे चूल घालणाऱ्या स्त्रीचे कसब होय. हे कसब पुस्तकातून आलेले नाही, आणि ते वर्गात आदराने सांगावे.

फळ्यावरील सारांश : पुरेशी हवा + पुरेशी उष्णता + वाळलेले सरपण = जाळ. यांतील एक उणे झाले की धूर.

4. दुसरा पाठ : ओले सरपण आणि सुके सरपण

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते पंधरा ते वीस टक्क्यांवर येते. यावर इयत्ता पाचवीस पुढील हिशेब घालावा.

पूर्ण वाळलेले एक किलो लाकूड जळून सुमारे 4,500 किलोकॅलरी उष्णता देते. एक किलो ओल्या लाकडात अर्धा किलो लाकूड व अर्धा किलो पाणी आहे. लाकडापासून उष्णता मिळेल 2,250 किलोकॅलरी. अर्धा किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास लागतील सुमारे 300. म्हणजे मिळणाऱ्या उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा सरपणातील पाणीच खाऊन टाकते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “सातवाच हिस्सा जातो, तर ओले लाकूड इतका धूर का करते?” हा प्रश्न उत्तम समजावा. खरी हानी त्या सातव्या हिश्श्यापुरती नाही. वाफ निघत असेतोवर लाकूड व त्याभोवतीचा जाळ गार राहतो. लाकडातून सुटलेला वायू पेटत नाही आणि धूर होऊन निघून जातो. शिवाय रानातून डोक्यावर आणलेल्या वीस किलोच्या मोळीत दहा किलो पाणीच वाहून आणलेले असते. ही गोष्ट मुलांच्या मनावर हिशेबापेक्षाही लवकर बिंबते.

सरपण वाळले की नाही, हे ओळखण्याच्या खुणा मुलांस घरच्या माणसांकडून विचारून आणण्यास सांगाव्यात. साधारणपणे पुढील खुणा मिळतील : दोन काटक्या एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज येतो, ओल्या काटक्यांचा आवाज बद्द येतो, टोकाशी उभ्या चिरा दिसतात, साल सुटू लागते, लाकूड हातास हलके लागते, पेटविल्यावर टोकातून फेस येत नाही.

जावळी तालुक्यात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. वेण्णा नदी महाबळेश्वराच्या ज्या डोंगरावर उगम पावते, तेथे वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खोऱ्यातून खाली यावे तसे त्याचे प्रमाण घटत जाते. तरीही पावसाळ्याचे चार महिने घरात कोंदट ओल असते, दारेखिडक्या मिटलेल्या असतात आणि त्याच वेळी सरपणही ओले असते. म्हणून पावसाळ्यातील धुराचा बंदोबस्त उन्हाळ्यात करावा लागतो. दिवाळीनंतर लाकूड मनगटाएवढे जाड फोडावे. कारण उभे फोडलेले लाकूड सबंध ओंडक्यापेक्षा पुष्कळ लवकर वाळते. मृग निघण्यापूर्वी ते छपराखाली, जमिनीस न टेकता, दगडांवर किंवा फळ्यांवर रचावे आणि मधून वारा खेळेल इतकी फट ठेवावी. आठ-दहा दिवसांपुरते सरपण चुलीजवळच्या उबेत, परंतु ठिणगी पोहोचणार नाही इतक्या अंतरावर असावे.

5. सुधारलेल्या चुलीची थोडी माहिती

शिक्षकांस पूर्वपीठिका म्हणून पुढील माहिती उपयोगी पडेल. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य चाले. तेथील ‘मगन चूल’ 1947 च्या सुमारास प्रचारात आली. 1953 मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी धुराडे असलेल्या मातीच्या चुलीवर पुस्तिका लिहिली. 1983-84 मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 पर्यंत चालला व त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविण्यात आल्या. महाराष्ट्रात या कामास तांत्रिक साहाय्य देणाऱ्यांत डॉ. आनंद कर्वे यांनी 1996 मध्ये पुण्यात स्थापन केलेली ‘आरती’ ही संस्था होती. सातारा जिल्ह्यात फलटण येथेही तिचे काम चाले. साच्यातून काढलेली, दोन भांड्यांची व धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल या प्रयत्नांतून अनेकांच्या घरी गेली.

इतक्या चुली बसल्या, तरी धूर का गेला नाही? याचे उत्तर ओडिशातील एका अभ्यासाने दिले. तेथे सुमारे 2,600 कुटुंबांची चार वर्षे पाहणी करण्यात आली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, सुधारित चूल मिळालेल्या घरांत पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातील धूर कमी झाला. पुढे तो लाभ उरला नाही. चुलीस चीर पडली, ती कोणी बुजविली नाही. धुराडे तुंबले, ते कोणी साफ केले नाही. हळूहळू ती चूल वापरणेच कमी झाले. चुलीचे दुखणे ओळखणे घरातील माणसांस यावे लागते. या पाठाचे प्रयोजन हेच आहे.

6. चुलीचे दोष कसे शोधावे?

वैद्य रोग्यास ‘केव्हा दुखते?’ आणि ‘कोठे दुखते?’ असे दोन प्रश्न विचारतो. विद्यार्थ्यांनी चुलीसंबंधी हेच दोन प्रश्न विचारावेत : धूर केव्हा येतो? कोठून येतो? उत्तरावरून कारण बहुधा आपोआप सापडते.

(1) धूर पेटविताना येतो, पुढे थांबतो. धुराडे गार आहे. गार हवा जड असते. ती नळीत खाली बसून राहते व धूर उलटा तोंडाकडे येतो. सरपण पेटविण्यापूर्वी मूठभर सुके गवत किंवा पाचोळा धुराड्याच्या बुडाशी, मागील भांड्याच्या भोकातून पेटवावा. नळीस ऊब आली की ओढ सुरू होते. बिनधुराड्याच्या चुलीत हाच दोष दिसल्यास पेटवणाच्या काटक्या ओल्या किंवा फार जाड आहेत, असे समजावे.

(2) धूर सदैव चुलीच्या तोंडातून येतो. धुराड्यात काजळी दाटली आहे किंवा वर पक्ष्याने घरटे केले आहे. चूल गार असताना, महिन्यातून एकदा, काठीस चिंधी किंवा काथ्या बांधून मोठ्या माणसाने नळी साफ करावी. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या काळात पुष्कळ ठिकाणी अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे नळ बसविले होते. असा जुना नळ खरडू वा फोडू नये. त्याची धूळ फुफ्फुसास घातक असते. तो बदलून घेणेच इष्ट.

(3) वारा सुटला म्हणजेच धूर येतो. धुराड्याचे तोंड छपराच्या आढ्यापेक्षा ठेंगणे आहे, किंवा जवळच उंच भिंत वा झाड आहे. नळी छपराच्या वर निदान दोन फूट काढावी व तिच्यावर टोपी बसवावी.

(4) मोठे किंवा लहान भांडे ठेवले म्हणजेच धूर येतो. भांडे व चुलीचे भोक यांचा मेळ नाही. दोन भांड्यांच्या चुलीत मागील भोक उघडे राहिले तरी असेच होते. भोकावर मातीचे किंवा लोखंडी कडे ठेवावे; वापरात नसलेले भोक झाकावे.

(5) जाळ घुसमटतो, वारंवार फुंकणी मारावी लागते. राख साचली आहे किंवा लाकडे कोंबली आहेत. जाळास हवा खालून लागते. रोज सकाळी राख काढावी. लाकडांची टोके एका आडव्या लोखंडी गजावर किंवा लहान जाळीवर उचलून ठेवावीत, म्हणजे खालून हवा खेळते. चार जाड लाकडांपेक्षा दोन बारीक लाकडे पुढे सारीत राहणे बरे.

(6) सरपण पुष्कळ लागते, भांडे मात्र उशिरा तापते. चुलीचे तोंड झिजून वा फुटून रुंद झाले आहे. त्यातून लागते त्याहून अधिक गार हवा आत शिरते व उष्णता घेऊन जाते. मातीने तोंड पूर्ववत लहान करावे. मागील वैल तापत नसेल, तर तिच्याकडे जाणारा मार्ग राखेने भरला आहे काय, ते पाहावे.

(7) चिरांतून धूर येतो. चिकण माती, शेण व भाताचे तूस किंवा बारीक भुसा यांचा चिखल करून एक दिवस मुरू द्यावा. चीर किंचित खोदून, पाण्याने ओली करून मगच तो भरावा. कोरड्या चिरेत भरलेला चिखल गळून पडतो. सावलीत वाळू द्यावे आणि पहिले दोन-तीन दिवस मंद जाळ करावा. तूस जळून मागे बारीक पोकळ्या राहतात व मातीस पुन्हा तडे जाण्याचे कमी होते. चुलीस नित्य पोतेरे घालण्याच्या जुन्या चालीत स्वच्छतेबरोबर हा दुरुस्तीचा भागही आहे.

धुराड्याविषयी एक खुलासा अवश्य करावा. धुराडे धूर नाहीसा करीत नाही. तो घराबाहेर नेते. धूर मुळातच कमी व्हावयाचा, तर सरपण वाळलेले आणि जाळ मोकळा असला पाहिजे. तसेच, उत्तम ठेवलेली चूलही गॅस किंवा गोबरगॅसइतकी निर्मळ होत नाही. ज्या घरी ती साधने आहेत, त्यांनी ती अधिकाधिक वापरावीत. ज्या घरी चूल पेटते, तेथे ती नीट पेटावी, एवढेच या पाठाचे म्हणणे आहे.

7. सुरक्षितता

रॉकेल ओतून चूल पेटवू नये. प्लॅस्टिकच्या पिशव्या, टायरचे तुकडे व रंग दिलेले लाकूड यांचा धूर विषारी असतो. ती चुलीत घालू नयेत. थंडीत उबेसाठी निखाऱ्यांची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपणे प्राणघातक आहे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसास तो जागे होऊ देत नाही. हे वाक्य विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावे. भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. भाजणे मोठे असल्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. काढलेली राख पूर्ण निवाल्यावरच उकिरड्यावर टाकावी. तिच्यात निखारा दडलेला असतो.

8. वर्गात घ्यावयाची दक्षता

‘कोणाच्या घरी गॅस आहे? हात वर करा,’ असा प्रश्न वर्गात विचारू नये. ज्याचा हात खाली राहील, तो विद्यार्थी त्या दिवशी धुराविषयी काही शिकणार नाही. आपल्या घरात काय नाही, एवढेच शिकेल. सिलिंडर भरून आणावयास पैसे नसणे हा त्याच्या आईचा दोष नव्हे.

तसेच ‘घरी जाऊन आईस सांग की चूल चुकीची आहे,’ असा निरोप मुलाच्या हाती देऊ नये. जी स्त्री वीस वर्षे त्या चुलीवर भाकरी भाजीत आहे, तिला तिच्या मुलाच्या तोंडून शाळेची दूषणे ऐकवणे अनुचित आहे आणि निष्फळही. मुलास प्रश्न देऊन पाठवावे : “आई, धूर कोणत्या वेळी जास्त येतो? तू तेव्हा काय करतेस? ही चूल कोणी घातली?” विचारल्यावर माणूस बोलतो, आणि बोलता बोलता उपायही निघतो. धुराडे साफ करणे, लाकूड फोडणे, नळी बदलणे ही कामे घरातील पुरुषांचीही आहेत, हे मुलग्यांस आवर्जून सांगावे.

9. उपक्रम

(अ) वजनाचा तक्ता : शाळेत एक ओली फोड आणून तिच्यावर तारीख लिहावी व दर सोमवारी तिचे वजन करावे. समजा, आरंभी 800 ग्रॅम भरलेली फोड अखेरीस 560 ग्रॅमवर स्थिरावली, तर 240 ग्रॅम, म्हणजे शेकडा 30 भाग पाणी गेले. वजन उतरण्याचा आलेख पाचवीने काढावा.

(आ) धुराची वही : पंधरा दिवस, दारात उभे राहून, चुलीजवळ न जाता, विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहाव्यात : पेटविल्यापासून धूर किती मिनिटे आला, कोठून आला, त्या दिवशी सरपण कसे होते. समजा, एका मुलीच्या वहीत बारा दिवस ‘पाच मिनिटे, तोंडातून’ आणि तीन दिवस ‘सारा वेळ, भांड्याच्या कडेने’ अशी नोंद आली. त्या तीन दिवशी पाहुणे होते काय, मोठे पातेले ठेवले होते काय, हे विचारताच दोष उमगेल. ज्यांच्या घरी चूल नाही, त्यांनी आजीस पूर्वीच्या चुलीची हकिगत विचारून लिहावी. तिला वहीत समान स्थान द्यावे.

(इ) मातीकाम : विद्यार्थ्यांनी तूस घातलेल्या व न घातलेल्या चिखलाच्या दोन विटा सावलीत वाळवून कोणतीस अधिक तडे गेले, ते पाहावे.

10. प्रश्न

1. विझलेल्या मेणबत्तीचा धूर पुन्हा का पेटतो?
2. ओल्या लाकडाचा धूर अधिक का होतो? केवळ पाणी तापविण्यात उष्णता जाते, एवढेच कारण आहे काय?
3. वारा सुटला असतानाच धूर घरात येतो. दोष कोठे शोधाल?
4. चुलीची चीर भरण्यापूर्वी ती ओली का करावी?
5. बंद खोलीत शेगडी घेऊन का झोपू नये?

11. समारोप

या पाठाची परीक्षा उत्तरपत्रिकेवर होणार नाही. जून-जुलैच्या एखाद्या सकाळी, बाहेर पाऊस धरलेला असताना, एखाद्या घरी चूल पेटविताना आईचे डोळे पूर्वीइतके चुरचुरले नाहीत आणि पाळण्यातले मूल खोकले नाही, तर पाठ उत्तीर्ण झाला असे समजावे. त्यासाठी नवे साहित्य व निधी यांची वाट पाहण्याचे कारण नाही. एक मेणबत्ती, एक तराजू आणि घरी जाऊन आदराने प्रश्न विचारणारे मूल, एवढी सामग्री प्रत्येक शाळेत आहे. शिक्षकांनी या वर्षी मृगापूर्वीच हा पाठ घ्यावा, म्हणजे सरपण वाळविण्यास दिवस हाती राहतील.